नवी कुलपं, जुनी किल्ली : क्लासिक गाडीचं एक नाजूक काम

अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी किंवा हौसेनं जपलेली मॉरिस मायनर, यांपैकी काही तुमच्या दारात असेल, तर आजचा भाग तुमच्यासाठी आहे. दाराचं कुलूप झिजलं म्हणून नवं बसवलं, की एक नवी किल्ली आली. डिकीचं बदललं, की आणखी एक. बघता बघता एका गाडीला तीन-चार किल्ल्या होतात. हे टाळता येतं. त्यासाठी आधी कुलूप आतून कसं चालतं ते पाहू.

त्या काळच्या गाडीच्या किल्लीत चिप नसते, सगळा खेळ धातूचा. कुलपाच्या फिरत्या नळीला, म्हणजे बॅरलला, आडव्या खाचा असतात. प्रत्येक खाचेत एक पातळ पितळी पत्ती आणि तिच्यामागे बारीकशी स्प्रिंग. पत्तीच्या मधोमध खिडकी असते, तिची उंची प्रत्येक पत्तीत वेगळी. योग्य किल्ली घातली की सगळ्या पत्त्या बॅरलच्या पृष्ठभागाशी समपातळीत येतात आणि बॅरल फिरतो. एक जरी पत्ती बाहेर राहिली, तरी तो अडतो.

आता पहिला नियम : जुनं कुलूप फेकू नका. अनेक ब्रिटिश गाड्यांत किल्लीचा नंबर कुलपाच्या तोंडावर किंवा बॅरलवर कोरलेला असतो. उदाहरणार्थ, ‘एफएस’ मालिकेत ८७६ ते ९५५, म्हणजे फक्त ८० नंबर. किल्ली हरवली असली, तरी या नंबरावरून नवी कापून मिळू शकते. झिजलेल्या किल्लीवरून नक्कल काढली, तर झीजही नकलेत उतरते. म्हणून नंबर मिळाला, तर किल्ली नंबरावरूनच कापून घ्या.

दुसरा नियम : नवं कुलूप घेताना किल्लीच्या पात्याचा आडवा छेद तपासा. छेद वेगळा असेल, तर जुनी किल्ली आत शिरणारच नाही.

छेद जुळला, की पत्त्या बदलायच्या. बॅरल बाहेर काढा, नवी किल्ली काढून जुनी घाला. ज्या पत्त्या वर-खाली राहतील, त्या काढून जुन्या कुलपातल्या योग्य उंचीच्या पत्त्या लावा. खाली पांढरं फडकं अंथरा, कारण स्प्रिंग उडाली की सापडत नाही. काही कारागीर बाहेर आलेली पत्ती कानसीनं घासून सपाट करतात. काम पटकन होतं, पण कुलूप ढिलं पडतं आणि भलतीच किल्लीही त्यात फिरू लागते. तुम्ही बडोद्यात असा की इंदूरला, चावीवाल्याला आधीच सांगा : ‘दादा, घासू नका, पत्ती बदला.’

चाचणी घेताना दार आणि डिकी उघडी ठेवा. किल्ली दोन्ही बाजूंना फिरते का आणि सहज बाहेर निघते का, हे दहा-बारा वेळा पाहा. स्टिअरिंग लॉक असेल, तर ही चाचणी गाडी उभी असतानाच घ्या. वंगणासाठी ग्रॅफाइटची पूड वापरा. तेलावर धूळ बसते आणि पत्त्या चिकटतात.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. गाडी चोरीला गेली, तर विम्याच्या दाव्याच्या वेळी सहसा सगळ्या किल्ल्या मागितल्या जातात. म्हणून कुलूप बदलल्याचं बिल जपा आणि किल्लीचा नंबर घरी कागदपत्रांसोबत लिहून ठेवा, गाडीत नको. ८० नंबरांच्या मालिकेत तीच किल्ली दुसऱ्या कुणाकडेही असू शकते, तेव्हा मौल्यवान गाडीला एक छुपा स्विचही बसवून घ्या.

आजच आपल्या कुलपाच्या तोंडावरची धूळ पुसून पाहा, नंबर दिसतोय का. भेटू पुढच्या भागात.