त्रैराशिक : पाटणचा मठ आणि खानदेशचा कापूस

चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली विद्वानांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचे नातू व सिंघण यादवाचे ज्योतिषी चंगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापिल्याचे (इ. स. १२०७) त्यात नमूद आहे. लेखाच्या अखेरच्या मराठी भागात बाजारातील मालावरील राजाचा हिस्सा व घाण्यामागे तेल मठास दिल्याचे सांगितले आहे. ज्या विद्येसाठी हे दान झाले, तिचा एक भाग, ‘लीलावती’तील (इ. स. ११५०) त्रैराशिक, आजही त्या बाजारपेठांत उपयोगी पडतो.

त्रैराशिकात तीन ज्ञात राशी असतात : प्रमाण, फल व इच्छा. प्रमाण आणि इच्छा ह्या एकाच जातीच्या असाव्या लागतात. फलास इच्छेने गुणून प्रमाणाने भागले असता इच्छाफल येते.

जळगाव-धुळ्याकडील कापसाचे उदाहरण घेऊ. १०० किलो कापसापासून ३४ किलो रुई निघते, असे माना. रुईची एक खंडी म्हणजे सुमारे ३५६ किलो. तिच्यासाठी कापूस किती लागेल? येथे प्रमाण ३४, फल १०० व इच्छा ३५६. म्हणून उत्तर सुमारे १,०४७ किलो.

आता दुसऱ्या शेतकऱ्याच्या कापसाचा उतारा ३६ आहे, असे समजा. उतारा वाढला की लागणारा कापूस घटतो. म्हणून येथे व्यस्त त्रैराशिक योजावे. १,०४७ ला ३४ ने गुणून ३६ ने भागले असता सुमारे ९८९ किलो येतात. फरक ५८ किलोंचा. क्विंटलला ७,००० रुपये भाव धरल्यास त्याची किंमत ४,०६० रुपये होते. दोघांस वजनावर एकच भाव मिळाला, तर तितकीच रुई देऊनही दुसऱ्याच्या हाती एवढी रक्कम कमी पडते. पहिल्याकडून अधिक मिळणाऱ्या सरकीचे मूल्य वजा केल्यास हा आकडा उतरेल. परंतु सरकी कापसाहून स्वस्त असेल तोवर तो शून्यावर येणार नाही. म्हणून विक्रीपूर्वी उतारा विचारणे हे शेतकऱ्याच्या हिताचे आहे.

मात्र प्रत्येक वाढ प्रमाणात होत नसते. चौरस शेताची बाजू दुप्पट केल्यास क्षेत्र चौपट होते, आणि बियाणेही चौपट लागते. वर्ग, वर्गमूळ, घन व घनमूळ वगळून जे गणिले जाते ते त्रैराशिकच, असे भास्कराचार्यांनी ‘गोलाध्याया’त म्हटले आहे. त्यांतील ‘वगळून’ हा शब्दही तितक्याच काळजीने वाचावा. राशी समप्रमाणात बदलतात, व्यस्त बदलतात, की दोन्ही नाही, हे आधी ठरवावे. गुणाकार-भागाकार त्यानंतर करावा.