घराच्या 'डी' श्रेणीचा नेमका अर्थ काय?

फ्रिज घ्यायला दुकानात गेलं की आपण काय बघतो? लिटर, किंमत आणि दारावर चिकटवलेले स्टार. पाच स्टारवाला जरा महाग असतो पण बिल कमी येतं, हे आता कुणाला समजावून सांगावं लागत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये असंच एक लेबल अख्ख्या घराला असतं. त्याला म्हणतात एनर्जी परफॉर्मन्स सर्टिफिकेट, थोडक्यात ईपीसी. घर विकायचं किंवा भाड्याने द्यायचं असेल तर ते लागतंच, आणि जाहिरातीतही श्रेणी छापावी लागते. या लेबलवर किती विश्वास ठेवावा, हा माझ्या पीएचडीचा विषय आहे.

विषय निवडण्यामागे एक घरगुती कारण आहे. इकडे आले त्या पहिल्या वर्षी आम्ही चौघी मिळून एका जुन्या विटांच्या घरात राहायचो. घराची श्रेणी डी. 'डी म्हणजे मधलं, चालून जाईल,' असं म्हणून आम्ही करारावर सह्या केल्या. नोव्हेंबरात कपाटामागच्या भिंतीवर काळी बुरशी दिसायला लागली. बिलाच्या धास्तीने आम्ही हीटिंग संध्याकाळी तासभर लावायचो आणि बाकी वेळ पांघरूण गुंडाळून बसायचो. आई फोनवर रोज विचारायची, 'स्वेटर घातलास का?' वर्षाअखेरीस हिशोब केला तर आमचा गॅसचा वापर प्रमाणपत्रातल्या अंदाजापेक्षा बराच कमी निघाला.

आता सांगा, प्रमाणपत्र चुकलं होतं, की आम्हीच थंडीत कुडकुडत होतो? गंमत म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि त्या वेगळ्या करून दाखवणं वाटतं तितकं सोपं नाही.

हे प्रमाणपत्र तयार कसं होतं?

मूळ युरोपियन युनियनच्या २००२ सालच्या इमारतींच्या ऊर्जाविषयक निर्देशात आहे. इंग्लंड-वेल्समध्ये २००७ च्या ऑगस्टपासून विक्रीच्या घरांसाठी टप्प्याटप्प्याने ईपीसी आलं, आणि १ ऑक्टोबर २००८ पासून भाड्याच्या घरांनाही लागू झालं. एकदा काढलं की दहा वर्षं चालतं.

घरी एक असेसर येतो. खोल्यांची मापं घेतो, भिंत कसली, खिडक्यांना काच एकेरी की दुहेरी, पोटमाळ्यावर इन्सुलेशन किती जाड, बॉयलर कोणता, हे सगळं नोंदवतो. भिंतीला भोक पाडून बघत नाही, मीटरचं रीडिंग घेत नाही, तुमची बिलंही मागत नाही. ही माहिती तो सॅप नावाच्या गणिती पद्धतीच्या छोट्या आवृत्तीत भरतो. त्यातून १ ते १०० असे गुण निघतात. ९२ किंवा त्याहून जास्त ए, ६९ ते ८० सी, ५५ ते ६८ डी, ३९ ते ५४ ई, आणि २० किंवा त्याखाली जी.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, हे गुण ऊर्जेच्या *खर्चावर* आधारलेले आहेत, म्हणजे दर चौरस मीटरमागे किती पैसे लागतील यावर. विजेपेक्षा गॅस स्वस्त असल्यामुळे गॅस बॉयलर काढून हीट पंप बसवला तर कार्बन उत्सर्जन घटतं, पण गुण तेवढे वाढतीलच असं नाही. दुसरी, घरात *कोण* राहतं याच्याशी गणिताला देणंघेणं नाही. माणसं किती, हे ते घराच्या क्षेत्रफळावरून ठरवतं. बैठकीची खोली २१ अंशांपर्यंत, बाकीचं घर १८ अंशांच्या आसपास आणि हीटिंग रोज ठरावीक तास, असं धरून चालतं.

हे धरून चालणं चुकीचं नाही. फ्रिजचे स्टारही प्रयोगशाळेत ठरतात, तुमच्या स्वयंपाकघरात नाही. दोन घरांची तुलना करायची तर राहणारी माणसं सारखीच धरावी लागतात. अडचण येते ती भिंतीपाशी.

भिंतीचा एक आकडा

भिंतीतून उष्णता किती निसटते हे यू-व्हॅल्यू या आकड्याने सांगतात. एक चौरस मीटर भिंत, आत-बाहेर एका अंशाचा फरक, तर दर सेकंदाला किती ऊर्जा बाहेर जाते, म्हणजेच किती वॅट, एवढाच त्याचा अर्थ. आकडा जितका मोठा तितकी भिंत 'गळकी'.

जुन्या, पोकळी नसलेल्या विटांच्या भिंतीसाठी ही पद्धत वर्षानुवर्षं २.१ हा आकडा धरत होती. मग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी प्रत्यक्ष मोजमापं तपासली. भिंतीवर आतून एक चपटी चकती चिकटवायची. तिच्यातून किती उष्णता वाहते ते ती मोजते. सोबत आतलं आणि बाहेरचं तापमान नोंदवायचं. हे किमान तीन दिवस, शक्यतो आठवडा-दोन आठवडे आणि हिवाळ्यातच करायचं, कारण आत-बाहेर पुरेसा फरक हवा. २०१५ साली आलेल्या त्यांच्या निबंधात सरासरी निघाली सुमारे १.३. पुढे २०१७ मध्ये पद्धतीतला आकडा २.१ वरून १.७ वर आणला गेला.

२.१ काय नि १.३ काय, एवढं काय बिघडलं? चला, हिशोब मांडू. बाहेरची भिंत ५० चौरस मीटर, आत-बाहेर फरक १५ अंश.

- कागदावर: ५० × १५ × २.१ = १५७५ वॅट
- प्रत्यक्षात: ५० × १५ × १.३ = ९७५ वॅट
- चांगलं इन्सुलेशन लावून यू-व्हॅल्यू ०.३ वर आणली तर: ५० × १५ × ०.३ = २२५ वॅट

म्हणजे इन्सुलेशनमुळे कागदावर १३५० वॅट वाचतात आणि खरे वाचतात ७५०. आश्वासन प्रत्यक्षाच्या १.८ पट. हजारो पौंड खर्चून भिंतींना इन्सुलेशन लावणाऱ्या घरमालकाला सांगितलेली बचत आणि हातात पडलेली बचत यांत इतका फरक पडू शकतो. शेजारणीने हे ऐकलं की तीही म्हणते, 'नको बाई, या लोकांचं काही खरं नसतं.' घर मात्र थंडच राहतं. ७५० वॅट ही काही थोडी बचत नव्हे, पण वचनच मोठं दिलं की खरी बचतही फसवणूक वाटते.

मग चूक माणसांची की गणिताची?

२०१२ साली केंब्रिजच्या मिन्ना सुनिक्का-ब्लांक आणि रे गॅल्विन यांनी जर्मनीतल्या सुमारे ३,४०० घरांची माहिती तपासली. लोक गणितात निघालेल्या आकड्यापेक्षा सरासरी ३० टक्के कमी ऊर्जा वापरत होते, आणि घर जितकं वाईट तितकी ही तफावत मोठी. त्यांनी याला 'प्रीबाउंड' परिणाम असं नाव दिलं. आमच्या चौघींचं पांघरुणात बसणं ते हेच. घर गरम करणं परवडत नाही, म्हणून माणूस एकाच खोलीत बसतो.

बराच काळ सगळं खापर असं राहणाऱ्यांवर फोडलं गेलं: गणित बरोबर आहे, लोकच कमी वापरतात. मग २०२३ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेजच्याच एका गटाने ब्रिटनमधल्या गॅसवर चालणाऱ्या १,३७४ घरांचं मीटर आणि ईपीसी शेजारी शेजारी ठेवलं. सी श्रेणीत मीटरवरचा वापर कागदापेक्षा सुमारे ८ टक्के कमी, तर एफ आणि जी मध्ये ४८ टक्के. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती त्यांची पुढची पायरी. त्यांनी अशी घरं निवडून काढली जिथे माणसांची संख्या, थर्मोस्टॅटचं तापमान आणि सगळं घर तापवायची सवय गणिताच्या गृहीतकांशी जुळत होती. तरीही तफावत उरली. म्हणजे फक्त काटकसर करणाऱ्यांना दोष देऊन भागत नाही. गणितातही काहीतरी चुकतं आहे.

तिसरी गोष्ट, असेसरच्या नोंदींची. २०१९ च्या एका अभ्यासात एकाच घराला पुन्हा काढलेली ईपीसी तपासली, सुमारे १६ लाख घरांची. ३५ च्या आसपास गुण असलेल्या घरात मोजमापातली चूक साधारण ±८ गुणांची, तर ८५ च्या आसपास ±२.४ ची. आता गंमत बघा. ई ची सीमा ३९ वर आहे. ३५ गुणांचं एफ घर दुसऱ्या असेसरच्या हातून ई होऊ शकतं, भिंतीला हात न लावता.

आणि इथेच कायदा येऊन उभा राहतो. १ एप्रिल २०१८ पासून नव्या भाडेकरारांना आणि १ एप्रिल २०२० पासून चालू करारांनाही किमान ई श्रेणी लागते. नोंदवलेली सूट नसेल तर एफ किंवा जी घर भाड्याने देता येत नाही. म्हणजे ३८ आणि ३९ या गुणांमध्ये घरमालकाचा खर्च आणि भाडेकरूचा हिवाळा, दोन्ही टांगलेले असतात.

मग हे प्रमाणपत्र फेकून द्यायचं का?

नाही, अजिबात नाही. मी रोज त्याच्या चुका मोजते, आणि तरी घर बघायला जाताना ते पहिल्यांदा उघडते. श्रेणीचं एक अक्षर बघून थांबू नका, आत वाचा. इकडे शिकायला किंवा नोकरीला येणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते:

१. सरकारी संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की त्या घराचं ईपीसी फुकट दिसतं, एजंटची वाट बघायची गरज नाही. एकच खोली घेत असाल तर तिचं वेगळं प्रमाणपत्र शोधू नका, पूर्ण घराचं बघा.

२. तारीख बघा. आठ-नऊ वर्षांपूर्वीचं असेल तर त्यातले पौंडांचे आकडे तेव्हाच्या दरांचे आहेत. २०२२ नंतर दर कुठल्या कुठे गेले. त्यापेक्षा घर तापवायला वर्षाला किती युनिट लागतील हा आकडा घ्या आणि आजच्या दराने गुणा.

३. भिंत, छप्पर, जमीन यांच्या वर्णनापुढे 'अझ्युम्ड' लिहिलंय का बघा. त्याचा अर्थ असेसरला पुरावा मिळाला नाही, घराच्या वयावरून अंदाज केला. अंदाज दोन्ही बाजूंना चुकू शकतो.

४. हीटिंग कशावर आहे? साध्या विजेच्या हीटरवर असेल तर सावध. एक युनिट उष्णता गॅसपेक्षा बरीच महाग पडते.

५. बाहेर उभं राहून विटा बघा. विटांच्या रांगांत मधूनमधून विटेचं छोटं टोक दिसत असेल तर भिंत बहुधा भरीव आहे, आत पोकळी नाही. पलंग आणि कपाट अशा बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, बुरशी तिथूनच सुरू होते. आम्ही हे शिकलो, पण उशिरा.

सुधारणा काय होतेय?

डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारने लोकांची मतं मागवली. प्रस्ताव असा की एकाच अक्षराऐवजी चार गोष्टी वेगळ्या दाखवाव्यात: ऊर्जेचा खर्च, भिंती-छप्पर किती चांगलं, हीटिंगची व्यवस्था कशी, आणि घर स्मार्ट उपकरणांसाठी किती तयार. माझं काम त्यातल्या दुसऱ्या गोष्टीशी जोडलेलं आहे. स्मार्ट मीटर आणि खोलीतलं तापमान, एवढ्यावरून आख्खं घर दर अंशामागे किती उष्णता गमावतं हे काढता येईल का? तसं झालं तर थंडीत बसणारा आणि २१ अंशांत बसणारा, दोघांच्या घरांना एकाच मापाने तोलता येईल, कारण वापर कमी *का* झाला हे तापमान सांगतं. आमच्या त्या घरात साधा तापमापक ठेवला असता तरी कोडं निम्मं सुटलं असतं.

आणि आपल्याकडे?

भारतात प्रश्न उलटा आहे, उष्णता बाहेर जाण्याचा नाही, आत येण्याचा. ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी 'इको-निवास संहिता' आणली. त्यात उष्ण हवामानासाठी भिंती आणि खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला मर्यादा आहे, दर चौरस मीटरला १५ वॅट. छपरासाठी यू-व्हॅल्यू १.२ च्या वर नको. पण पुण्यात किंवा नागपुरात फ्लॅट भाड्याने घेताना यातलं काही आपल्यासमोर येत नाही. पाणी किती वेळ येतं, पार्किंग आहे का, डिपॉझिट किती, हे आपण विचारतो. शेवटच्या मजल्यावर मे महिन्यात स्लॅब रात्री किती वाजेपर्यंत तापलेला असतो, हे मात्र पहिल्या उन्हाळ्यातच कळतं.

उद्या आपल्याकडे असं लेबल सक्तीचं झालंच, तर इंग्लंडच्या चुका आयत्या समोर आहेत. गृहीत धरलेले आकडे आधी आपल्या भिंतींवर, आपल्या हवेत मोजून घ्यावे लागतील. विटा वेगळ्या, ऊन वेगळं, पंख्याखाली झोपायची सवयही वेगळी.

पुढच्या लेखात ती भिंतीवरची चकती कशी लावतात आणि लावताना मी काय काय घोळ घातले ते सांगेन. तोवर घर शोधत असाल तर आधी 'अझ्युम्ड' हा शब्द शोधा.