कुत्र्याच्या तोंडाला वास का येतो?

कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच, असे आपल्याकडे धरूनच चालतात. बैलबाजारात जनावराचे तोंड उघडून दात मोजल्याशिवाय पैसे न देणारा आपला शेतकरी दाराशी बांधलेल्या कुत्र्याचे तोंड मात्र जन्मात कधी उघडून पाहत नाही. घाटावर काय आणि घाटाखाली काय, सगळीकडे तीच तऱ्हा. माझ्याकडे कुत्रा येतो तो त्याने खाणे सोडल्यावर. तोवर दाढा हलू लागलेल्या असतात.

निरोगी कुत्र्याच्या तोंडाला दुर्गंधी नसते. हिरड्या गुलाबी असतात. काही कुत्र्यांच्या हिरड्यांवर जन्मतःच काळे पट्टे असतात, त्यांची काळजी नको. पिल्लाला दुधाचे दात २८ असतात. ते चौथ्या महिन्याच्या सुमारास पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत ४२ पक्के दात येतात. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत कधी कधी दुधाचा सुळा तसाच राहून शेजारी पक्का सुळा उगवतो. दोघांच्या फटीत अन्न कुजते. असा दात पशुवैद्यकाकडून काढून घ्यावा, घरी पक्कड लावू नये.

माणसासारखे कुत्र्याचे दात सहसा किडत नाहीत. त्याचे दुखणे हिरडीचे. खाल्ल्यानंतर दातांवर जंतूंचा चिकट थर बसतो. तो पुसला गेला नाही तर लाळेतील क्षार त्यात मुरून दोन-तीन दिवसांतच तो टणक होऊ लागतो. हेच पिवळे-तपकिरी किटण. हा थर हिरडीखाली शिरला की हिरडी सुजते, रक्त येते आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजत जाते. तीन वर्षांच्या बहुतेक कुत्र्यांत याची थोडीफार सुरुवात झालेली असते. दुधात कुस्करलेली पोळी हे लाडक्या कुत्र्याचे आपल्याकडचे नेहमीचे जेवण. ते दाताला चिकटते. वाळली भाकर चावल्याने थोडा फरक पडतो, पण तेवढ्याने भागत नाही.

हाडांविषयी हमखास विचारले जाते. शिजवलेल्या हाडाच्या अणकुचीदार कपच्या होतात, त्या घशात वा आतड्यात रुततात. फार टणक हाडाने वरची मोठी दाढ फुटते. तिच्या मुळाशी पू झाला की डोळ्याखाली गाठ येते, फुटते, भरते आणि महिन्याभराने पुन्हा येते. लोक म्हणतात बाभळीचा काटा लागला, आणि वरून हळद भरत राहतात. डोळ्याखालची जखम अशी परत परत येत असेल तर आधी तोंड तपासून घ्यावे.

उपाय सोपा आहे, फक्त रोजचा आहे. बोटाला स्वच्छ सुती फडके गुंडाळून ओले करावे, ओठ वर उचलून दातांची बाहेरची बाजू, विशेषतः वरच्या दाढा, हिरडीच्या कडेने हळूच पुसाव्यात. आतली बाजू जीभ बरीच साफ ठेवते. पुढे मऊ ब्रश वापरता येतो. पिल्लूपणी सवय लावली तर कुत्रा कुरकुरत नाही. आपली टूथपेस्ट त्याला लावू नये. तो थुंकत नाही, गिळतो, आणि काही पेस्टमधला झायलिटॉल हा गोड पदार्थ कुत्र्याला विषारी आहे. मिश्री तर मुळीच नको, तंबाखूही त्याला विषच. एकदा किटण घट्ट बसले की ते भूल देऊनच काढावे लागते. तालुक्याला सोय नसेल तर अकोल्याच्या पशुवैद्यक संस्थेत चौकशी करावी.

आता सर्वांत महत्त्वाचे. कुत्र्याचा जबडा एकाएकी लोंबू लागला, लाळ गळू लागली, पाणीही गिळता येईना, तर घरचे म्हणतात, घशात हाड अडकले. कोणीतरी बाह्या सावरून तोंडात हात घालतो. रेबीजच्या एका प्रकारात नेमकी हीच लक्षणे दिसतात. तो कुत्रा चवताळत नाही, गप्प पडून राहतो, म्हणून संशयही येत नाही. अशा कुत्र्याच्या तोंडात हात घालू नये. त्याला एकटे बांधून किंवा कोंडून पशुवैद्यकाला बोलवावे.

हात घातला गेलाच असेल, लाळ जखमेला, ओरखड्याला किंवा डोळ्याला लागली असेल, तर थांबू नये. जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी, डोळा नुसत्या पाण्याने. नंतर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. लस तेथे मोफत मिळते. गरजेप्रमाणे जखमेत वेगळे इंजेक्शनही देतात. डॉक्टर देतील त्या सगळ्या तारखा पाळाव्यात, कारण लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर औषध नाही.

कुत्र्याला पहिली रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात द्यावी, पुढची मात्रा डॉक्टर सांगतील तेव्हा आणि नंतर दरवर्षी. दात पुसण्याचे काम मुलांकडे सोपवायचे असेल तर ती लस टोचली आहे की नाही, हे आधी कार्डावर पाहून घ्यावे.