स्टॉइक माणसाचाही चेहरा पांढरा पडतो

मन दगड करायचं, डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही, वाट्याला येईल ते मुकाट सोसायचं: स्टॉइक तत्त्वज्ञान म्हणजे एवढंच, हा समज रील्सनी आणि ‘यशस्वी व्हा’ छापाच्या पुस्तकांनी पक्का करून टाकला आहे. सोबतीला रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसचा संगमरवरी पुतळा आणि त्याच्या तोंडी घातलेलं एखादं वाक्य. ते त्यानं लिहिलेलं असेलच, याची हमी नाही.

मुळात हा विचार रोमचा नव्हेच. सायप्रसमधल्या किटिऑनचा झेनो इ.स.पू. ३०० च्या सुमारास अथेन्समध्ये शिकवू लागला. जहाज फुटून माल बुडालेला व्यापारी, अशी त्याची कथा सांगतात. बाजारचौकाच्या कडेला ‘स्टोआ’ नावाची चित्रांनी सजवलेली ओसरी होती, तिथे तो शिष्यांशी बोलायचा. पुढे याच परंपरेतल्या क्रिसिपसनं सातशेहून अधिक ग्रंथ लिहिले म्हणतात. त्यातला एकही आज पूर्ण उरलेला नाही. हाती राहिले ते मुख्यतः रोमन साम्राज्याच्या काळातले तिघे: सेनेका, एपिक्टेटस आणि मार्कस. तर्कशास्त्र, निसर्गविचार आणि नीती या तीन अंगांपैकी लोकांपर्यंत नीतीच तेवढी पोचली, त्याचं हेही एक कारण.

आता भावनांचं. दुसऱ्या शतकातला रोमन लेखक ऑलस गेलियस एक प्रसंग सांगतो. तो जहाजानं ब्रुंडिसियमला, म्हणजे आजच्या ब्रिंडिसीला, चालला होता. वादळ उठलं, जहाजात पाणी शिरलं. बरोबर एक नामांकित स्टॉइक गुरू होते. लोक आक्रोश करत होते आणि गेलियसचं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे. गुरू रडले-ओरडले नाहीत, पण चेहरा इतरांसारखाच पांढराफटक. वादळ ओसरल्यावर एका श्रीमंत प्रवाशानं त्यांना टोमणा मारला: मी नाही घाबरलो, तुम्ही कसे घाबरलात? त्याला त्यांनी उडवून लावलं. पण नंतर गेलियसनं अदबीनं विचारलं, तेव्हा त्यांनी पिशवीतून एपिक्टेटसच्या प्रवचनांचा पाचवा भाग काढून त्याच्या हाती दिला. तो भाग पुढे हरवला. त्यातला हा मजकूर आपल्याला कळतो तो गेलियसमुळे.

त्यात म्हटलं होतं की अचानक गडगडाट झाला, काही कोसळलं, तर ज्ञानी माणूसही क्षणभर दचकतो, त्याचा रंग उडतो. हे विचाराच्या आधी घडतं, त्यावर कोणाचा ताबा नाही. फरक पडतो तो पुढच्या पायरीवर. ‘हे भयंकर आहे, मी संपलो’ या पहिल्या निवाड्यावर सामान्य माणूस लगेच सही करतो. ज्ञानी ती करत नाही. स्टॉइकांचं भांडण या सहीशी होतं, घामाशी किंवा अश्रूंशी नव्हतं. शिवाय आनंद, सावधपणा आणि सदिच्छा या भावना त्यांनी ज्ञानी माणसाकडे आवर्जून ठेवल्या. भावनाशून्य माणूस हा त्यांचा आदर्श कधीच नव्हता.

दैववादाचा आरोप तर त्यांच्या हयातीतच झाला होता. सगळं ठरलेलंच असेल, तर आजारी पडल्यावर वैद्याला कशाला बोलवा? बरं व्हायचं असेल तर होईनच! या युक्तिवादाला तेव्हाच ‘आळशी’ हे नाव पडलं होतं. क्रिसिपसचं उत्तर असं, की बरं होणं ठरलेलं असेल, तर वैद्याला बोलावणंही त्याच्याच जोडीनं ठरलेलं असतं. उत्तर सगळ्यांना पटेलच असं नाही, पण त्यात हातावर हात ठेवून बसायची मुभा नाही.

आणि हे तत्त्वज्ञान फक्त स्वतःपुरतं पाहणाऱ्यांचं? हिएरोक्लिस नावाच्या स्टॉइकानं माणसाभोवती वर्तुळं कल्पिली: आधी आपण, मग घर, मग नातलग, गाव, देश आणि शेवटी सगळी माणसं. बाहेरच्या वर्तुळातल्यांना आत ओढत राहायचं. त्यासाठीचा त्याचा एक उपाय असा, की चुलत-मामेभावंडांना भाऊच म्हणावं. (आपल्याकडे हे कोणाला शिकवावं लागत नाही.) पण या आपुलकीला मर्यादा होत्या. एपिक्टेटस स्वतः गुलामगिरीतून आलेला, सेनेकानं गुलामांना माणसासारखं वागवा म्हणून कळकळीनं लिहिलं; तरी ती प्रथाच मोडा, अशी मागणी दोघांनीही केली नाही. सेनेकाच्या अफाट संपत्तीवर तर त्याच्या काळातच बोट ठेवलं गेलं.

आजचा सर्वांत ठळक वारसा मानसोपचारात आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत अल्बर्ट एलिसनं आपली उपचारपद्धती उभारली, तेव्हा एपिक्टेटसचं ऋण उघडपणे मान्य केलं: माणूस घटनेनं जितका अस्वस्थ होतो, त्याहून अधिक तिच्याबद्दलच्या स्वतःच्या मतानं. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी ही पद्धत ‘विवेकनिष्ठ’ या नावानं मराठीत रुजवली. तरीही उपचार म्हणजेच स्टॉइक तत्त्वज्ञान, असं समजू नये. एलिसला अस्वस्थता कमी करायची होती. स्टॉइकांच्या लेखी सद्गुण हेच एकमेव हित, मनःशांती त्याच्या मागून येणारी. आणि एलिस पक्का नास्तिक होता, तर एपिक्टेटसच्या प्रवचनांत झ्यूस हा देव वारंवार भेटतो.