गाण्याची आवड आणि माणसाची पारख

'व्यक्ति तितक्या प्रकृति' ही म्हण आपल्या सर्वांच्या तोंडीं आहे. तिच्या जोडीला आणखी एक समजूत समाजांत रूढ आहे. ती अशी कीं, ज्याची जशी प्रकृति तशी त्याची गाण्याची आवड. म्हणून मनुष्य कोणतें गाणें ऐकतो हें कळलें कीं तो कसा आहे हेंही कळलें. ही समजूत कितपत खरी आहे याचा विचार आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या वडील मंडळींनीं करावा, या हेतूनें हा लेख लिहिला आहे. विषय वरवर करमणुकीचा दिसतो, पण या समजुतीच्या पायीं आमच्या हातून एकदां एका मुलावर अन्याय घडला आहे. तेव्हां तोच प्रथम सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक मुलगा होता. तास सुरू होण्यापूर्वीं तो बांकावर बोटांनीं ढोलकीचा ठेका धरी, आणि मधल्या सुट्टींत सोबत्यांना लावणीच्या चाली गुणगुणून दाखवी. वर्गाच्या पुस्तकपेटीची किल्ली कोणाच्या हातीं द्यावी हा प्रश्न आला, तेव्हां आम्हीं त्याचें नांव मनांतल्या मनांत खोडलें. असलीं गाणीं आवडणारा मुलगा उथळच असणार, असें आम्हांस वाटलें. दुसरें कोणतेंही कारण आमच्यापाशीं नव्हतें. पुढें त्याच्या घरीं जाण्याचा प्रसंग आला, तेव्हां भिंतीला ढोलकी टांगलेली दिसली. दिवसाचें काम आटोपून त्याचे वडील समारंभांत ती वाजवीत, आणि त्या मिळकतींतून मुलाच्या शाळेचा खर्च भागे. कोपऱ्यांतल्या फळीवर, जुन्या वर्तमानपत्रांचीं वेष्टणें घातलेलीं त्याचीं पुस्तकें ओळीनें लावलेलीं होतीं. त्या फळीकडे पाहून आम्हांस कांहीं बोलवेना.

आवडीवरून स्वभावाचा ठाव घेण्याचा प्रयत्न शास्त्रज्ञांनींही केला आहे. सन १९५३ मध्यें अमेरिकेंत रेमंड कॅटेल व जीन अँडरसन यांनीं संगीताचे तुकडे ऐकवून, आवडनिवडीवरून स्वभाव पारखण्याची एक कसोटी प्रसिद्ध केली. मनाच्या ज्या खोल थरापर्यंत प्रश्नोत्तरें पोंचत नाहींत तेथें संगीत पोंचेल, अशी त्यांची अपेक्षा होती. पुढें पन्नास वर्षांनीं, सन २००३ मध्यें, पीटर रेंटफ्रो व सॅम्युएल गॉस्लिंग या दोघांनीं ३,५०० हून अधिक लोकांच्या आवडी तपासून त्यांचे चार वर्ग पाडले: जॅझ व पाश्चात्य अभिजात संगीत यांसारखें चिंतनशील; रॉकसारखें तीव्र; चित्रपटगीतें व धार्मिक गीतें यांसारखें प्रसन्न व रूढ; आणि रॅपसारखें तालप्रधान. नवीन अनुभवांची व कल्पनांची ओढ असणारे लोक पहिल्या दोन वर्गांकडे, आणि चारचौघांत रमणारे लोक शेवटच्या दोहोंकडे अधिक झुकतात, असें त्यांस आढळलें. पण त्याबरोबर हेंही आढळलें कीं, कर्कश व संतप्त वाटणारें संगीत आवडणारे लोक स्वतः संतापी किंवा अस्वस्थ वृत्तीचे असतात असें मुळींच दिसत नाहीं. ही गोष्ट पालकांनीं विशेष ध्यानांत धरावी.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, मग ती समजूत खरीच ठरली. परंतु संबंध आहे एवढें कळून भागत नाहीं; तो किती आहे हें पाहिलें पाहिजे. दोन गोष्टींचा संबंध गणिती लोक एका अंकानें दाखवितात. मुळींच संबंध नसला तर तो अंक ०, आणि पूर्ण असला तर १. समजा, हा अंक ०.२ आला, तर लोकालोकांच्या आवडींत जो फरक दिसतो त्याच्या शंभर भागांपैकीं केवळ चार भागांचा उलगडा स्वभावावरून होतो, बाकीचे शहाण्णव भाग दुसऱ्या कारणांचे. सन २०१७ मध्यें थॉमस शेफर व क्लाउडिया मेलहॉर्न यांनीं अशा अनेक पाहण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हां हा संबंध बहुतेक ठिकाणीं शून्याच्या जवळपासच निघाला. हजारों लोकांच्या सरासरींत जो धागा जेमतेम दिसतो, त्याच्या बळावर समोर बसलेल्या एका मुलाची परीक्षा करणें म्हणजे आभाळांत एक ढग पाहून पेरणीला निघण्यासारखें आहे.

मग आवड येते कोठून? पुष्कळ अंशीं ती कानांच्या संवयींतून येते. सन १९६८ मध्यें रॉबर्ट झायन्स यांनीं दाखविलें कीं, अपरिचित शब्द व चिन्हें नुसतीं वारंवार समोर आलीं तरी मनुष्याला तीं अधिक आवडूं लागतात. सन २०१६ मध्यें बोलिव्हिया देशांतील चिमाने लोकांविषयींचें संशोधन प्रसिद्ध झालें. पाश्चात्य संगीतापासून दूर राहिलेल्या या लोकांना, पाश्चात्य कानांस गोड वाटणारे स्वरमेळ व कर्कश वाटणारे स्वरमेळ हे सारखेच रुचले. वयाचाही यांत भाग आहे. सन १९८९ मध्यें मॉरिस होलब्रुक व रॉबर्ट शिंडलर यांस असें आढळलें कीं, आपल्या वयाच्या २४ व्या वर्षाच्या सुमारास जीं गाणीं लोकप्रिय असतात, तींच आपणांस जन्मभर अधिक गोड वाटतात. "आमच्या वेळचीं गाणीं कशीं होतीं!" असें जेव्हां आपण म्हणतों, तेव्हां त्या उद्गारांत गाण्याच्या गुणाबरोबर आपल्या तारुण्याचाही वांटा असतो.

आपल्या महाराष्ट्रानें हें अनुभवलें आहे. सन १९१६ मध्यें 'स्वयंवर' नाटक रंगभूमीवर आलें. त्याच्या पदांना भास्करबुवा बखले यांनीं रागदारीच्या चाली दिल्या आणि बालगंधर्वांनीं त्या गाइल्या. मैफलीस कधीं न गेलेल्या सामान्य प्रेक्षकांच्या तोंडीं त्या चाली बसल्या. त्यांचे स्वभाव पालटले नव्हते. कानांवर पडणारें संगीत पालटलें होतें. उलट उदाहरण सन १९५२ चें आहे. त्या वर्षीं बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रीय नभोवाणीमंत्री झाले. लोकांची अभिरुचि उंचावावी या हेतूनें त्यांच्या कारकीर्दींत आकाशवाणीवरून चित्रपटगीतें जवळजवळ हद्दपार झालीं. हेतु चांगला होता, पण श्रोत्यांनीं सुई फिरवून रेडिओ सिलोन लावला. आणि सन १९५७ मध्यें सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली.

यावर पालक विचारतील कीं, मग मुलांना वाटेल तें ऐकूं द्यावें काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. गाण्यांतील शब्द हलके असले तर तसें स्पष्ट सांगावें; परंतु दोष गाण्याला द्यावा, मुलाला नव्हे. मुलगा कानांत नळ्या घालून फोनवर कांहीं ऐकत बसला असेल, तर एकदां त्याच्याजवळ बसून तें आपणही ऐकावें, आणि मग आपल्या आवडीचें एक गाणें त्यास ऐकवावें. विद्यार्थिमित्रहो, तुम्हींही वडिलांच्या भजनाला किंवा नाट्यगीताला हंसण्यापूर्वीं तें चार वेळां ऐकून पाहा. मनुष्याची पारख करावयाची असेल तर त्याच्या हातून काय घडतें हें पाहावें. तो काय गुणगुणतो यावरून ती होत नाहीं.

पुढच्या सहामाहींत आम्हीं पुस्तकपेटीची किल्ली त्या मुलाच्या हातीं दिली. वर्षअखेर पुस्तकें मोजलीं, तेव्हां एकही कमी भरलें नाहीं; कित्येकांना नवीं वेष्टणें मात्र चढलेलीं होतीं. बांकावरचा ठेका पूर्वींप्रमाणेंच चालू होता, आणि हळूहळू तो आमच्याही कानांस गोड वाटूं लागला होता.