पीयूसी आहे, इन्शुरन्स आहे. पण स्कूटरचे ब्रेक शेवटचे कधी बघितले?

रविवारची सकाळ. दोघा मित्रांचं सिंहगडावर जायचं ठरतं. टाकीत पेट्रोल आहे, मोबाईल चार्ज आहे, पीयूसीची मुदत संपलेली नाही. गिअर नसलेली स्कूटर डबल सीट घाट चढून जाते. पिठलं-भाकरी होते, फोटो होतात. उतरताना मात्र अर्ध्या घाटात डाव्या हाताचा ब्रेक पार मुठीला टेकायला लागतो आणि स्कूटर काही थांबत नाही.

अशा प्रसंगानंतर "ब्रेक अचानक फेल झाला" असं सांगितलं जातं. पण स्कूटरचा ब्रेक खरोखर अचानक जाणं फार क्वचित घडतं. बहुतेक वेळा तो आठवडे, महिने हळूहळू कमी होत असतो आणि त्याच्या खुणाही दिसत असतात. त्या बघायला कुणी थांबत नाही, एवढंच.

कागद तपासले जातात, ब्रेक नाही

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा जीव गेला. त्यातले ७४ हजार ८९७ जण दुचाकीवर होते, म्हणजे दर १०० मृतांमागे जवळपास ४५. या सगळ्या अपघातांना ब्रेक कारणीभूत होता असं नाही. पण समोर कुणी अचानक आडवं आलं, तर दुचाकीस्वाराच्या हातात पहिली गोष्ट असते ती ब्रेकच.

आता नियम बघा. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर नोंदणीचं नूतनीकरण करताना आरटीओत गाडीची तपासणी होते. मधल्या काळात पीयूसी काढावी लागते, पण तिथे फक्त धूर तपासला जातो. इन्शुरन्सचं नूतनीकरण तर मोबाईलवरच होतं.

थोडक्यात, नवी स्कूटर घेतली की पुढची १५ वर्षं तिचे ब्रेक तपासण्याची जबाबदारी एकाच माणसावर असते. ती चालवणाऱ्यावर.

ब्रेकच्या आत नेमकं काय होतं?

बहुतेक स्कूटरच्या मागच्या चाकाला ड्रम ब्रेक असतो. पुढे ड्रम किंवा डिस्क असते.

ड्रम ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारा एक गोल डबा असतो आणि त्याच्या आत अर्धगोलाकार दोन ब्रेक शू. गॅरेजमध्ये यांना 'लायनर' म्हणतात. लिव्हर दाबला की केबल ताणली जाते, शू बाहेरच्या बाजूला फाकतात आणि ड्रमच्या आतल्या भिंतीला घासतात.

डिस्क ब्रेकमध्ये केबलऐवजी ब्रेक ऑइलचा दाब काम करतो. त्या दाबाने दोन पॅड दोन्ही बाजूंनी चकतीला चिमटीत धरतात.

दोन्हीकडे काम घर्षणाचं. म्हणजे प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की शू किंवा पॅड थोडा झिजणार आणि उष्णता तयार होणार. ब्रेकच्या जवळपास सगळ्या तक्रारी या दोन गोष्टींतूनच सुरू होतात: झीज आणि उष्णता.

मग झीज लक्षात का येत नाही?

कारण हाताला सवय होते. शू झिजला की लिव्हर किंचित जास्त दाबावा लागतो. आज एक मिलिमीटर, महिन्याभराने आणखी थोडा. रोज तीच स्कूटर चालवणाऱ्याला हा फरक जाणवतच नाही. तीच गाडी एखाद दिवशी घरातल्या दुसऱ्या कुणी घेतली की ते लगेच म्हणतात, "अगं, हिचे ब्रेक किती खाली गेलेत!" हे ऐकू आलं तर हसण्यावारी नेऊ नका. ती सगळ्यात स्वस्त आणि खरी तपासणी आहे.

रोजच्या रहदारीत ढिला ब्रेकही चालून जातो, कारण तिथे हळूहळू थांबायला जागा मिळते. त्याची खरी परीक्षा होते ती एकदम थांबायची वेळ आल्यावर.

हिशेब साधा आहे. ताशी ४० किलोमीटर वेगात स्कूटर एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते. समोरचं दिसून हात ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक त्यानंतर आणखी १२ मीटरच्या आसपास घेतात. म्हणजे एकूण २३ मीटर. ब्रेक निम्म्याच ताकदीने लागत असतील, तर हेच अंतर ३५ मीटरवर जातं. हे जास्तीचे १२ मीटर म्हणजे शाळेच्या दारातून रस्ता ओलांडणाऱ्या मुलाच्या अलीकडे थांबणं आणि न थांबणं यातला फरक.

पाच मिनिटांत काय काय बघायचं?

आठवड्यातून एकदा, इंजिन बंद ठेवून आणि स्कूटर सपाट जागेवर लावून हे करता येतं. त्यासाठी एकही पाना लागत नाही.

१. लिव्हरची ढिलाई. ड्रम ब्रेकचा लिव्हर बोटाने हलका दाबा. ब्रेक लागायला सुरुवात होण्याआधी लिव्हरचं टोक साधारण १० ते २० मिलिमीटर हललं पाहिजे. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. ढिलाई जास्त असेल तर ब्रेक उशिरा लागणार, अजिबात नसेल तर ब्रेक कायम घासत राहणार.

२. पूर्ण दाबून बघा. लिव्हर मुठीला टेकता कामा नये. दाबून धरून स्कूटर पुढे ढकला. चाक हललं तर गाडी रस्त्यावर काढू नका.

३. चाक फिरवा. स्कूटर मेन स्टँडवर घ्या आणि मागचं चाक हाताने फिरवा. ते मोकळं फिरलं पाहिजे. अडकत असेल तर ब्रेक घासतोय. तो तापणार, शू लवकर झिजणार आणि मायलेजही कमी होणार.

४. ड्रमवरचा बाण. मागच्या चाकाजवळ ब्रेकची केबल एका लहान लोखंडी दांड्याला जोडलेली असते. बऱ्याच स्कूटरमध्ये तिथे एक छोटा बाण आणि शेजारी एक खूण असते. कुणाला तरी ब्रेक पूर्ण दाबून धरायला सांगा. बाण खुणेपर्यंत पोहोचला असेल तर शू संपलेत.

५. डिस्क असेल तर पॅड आणि ऑइल. मोबाईलचा टॉर्च लावून पॅड बघा. झीज दाखवणारी खाच दिसेनाशी झाली असेल तर पॅड बदलायला झालेत. हँडलवरच्या डबीत ऑइल खालच्या रेषेच्या वर हवं. रंग काळपट झाला असेल तर ते बदलून घ्या.

६. केबल. लिव्हरजवळ केबलच्या तारा सुटल्यात का, गंज दिसतोय का? सोडलेला लिव्हर झटकन मागे येतो का? यातलं काहीही खटकलं तर केबल बदला. तुटायची वाट बघू नका.

७. ब्रेक लाइट. चावी सुरू करून दोन्ही लिव्हर वेगवेगळे दाबा. दोन्ही वेळा मागचा लाल दिवा लागला पाहिजे. तो कायम पेटलेला राहत असेल तर तेही धोक्याचंच, कारण तुम्ही कधी थांबताय हे मागच्याला कळणार नाही.

८. टायर. चाक थांबवतो ब्रेक, पण गाडी थांबवतो टायर. नक्षी गुळगुळीत झाली असेल किंवा हवा कमी असेल तर नवे ब्रेकही पुरे पडत नाहीत.

"जरा ब्रेक आवळून द्या" यातला सापळा

गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच. मेकॅनिक ड्रमजवळचा नट दोन-चार आटे फिरवतो आणि लिव्हर पुन्हा कडक लागायला लागतो. मालक खूश.

पण नट आवळल्याने शू जाड होत नाही. झिजलेल्या शूला ड्रमपर्यंत पोहोचायला फक्त मदत होते. असं तीन-चार वेळा आवळून झालं की लिव्हर हाताला ठीक वाटतो आणि आत मात्र शूवरचा थर संपत आलेला असतो. फारच झिजलेले शू वाजवीपेक्षा जास्त फाकले तर आतली यंत्रणा अडकून चाक जाम होऊ शकतं.

म्हणून ब्रेक आवळायला सांगताना पुढचा प्रश्नही विचारा: "शू किती राहिलेत?" वरचा बाण आणि खूण स्वतः बघा. बऱ्याच नव्या स्कूटरमध्ये डाव्या लिव्हरने दोन्ही चाकांचे ब्रेक लागतात. तिथे दोन्हींचा मेळ बसलेला असतो, त्यामुळे यूट्यूब बघून घरी नट फिरवत बसू नका.

आणखी दोन गोष्टी. डिस्क किंवा ड्रमवर तेल, ग्रीस, पॉलिश काहीही लागू देऊ नका. धुवून आणलेल्या गाडीची डिस्क चकचकीत दिसत असेल तर आधी तिच्यावर काही मारलं नाही ना, हे विचारा. आणि ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, त्यामुळे गाडी कमी चाललेली असली तरी दोन वर्षांनी ते बदलावं, असं बहुतेक पुस्तिकांमध्ये सांगितलेलं असतं.

पुढचा ब्रेक दाबला की माणूस पडतो?

हा गैरसमज घराघरांत आहे. ब्रेक दाबल्यावर गाडीचा भार पुढे सरकतो आणि पुढच्या चाकाची पकड वाढते. म्हणजे गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचा ब्रेकच करतो. फक्त मागचा ब्रेक वापरला तर थांबायला खूप जास्त अंतर लागतं आणि मागचं चाक घसरतं.

माणूस पडतो तो वळणावर, वाळूवर किंवा ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक झटक्यात दाबल्यामुळे. हँडल सरळ ठेवून दोन्ही ब्रेक एकत्र, दाब वाढवत नेत लावायचे. याच कारणासाठी एप्रिल २०१९ पासून देशात विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना एकत्रित ब्रेक किंवा एबीएस आणि त्याहून मोठ्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. पण एकत्रित ब्रेक असला तरी उजवा लिव्हर वापरायचाच असतो.

घाटात स्कूटर वेगळी का वागते?

"ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा" हा जुन्या लोकांचा सल्ला. आकुर्डीत बनलेल्या बजाज चेतकच्या जमान्यात तो अगदी बरोबर होता. चेतकला गिअर होते आणि दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे खेचून धरायचं.

आजच्या स्कूटरमध्ये गिअर निवडायची सोयच नाही. रेस सोडल्यावर इंजिन थोडं रोखतं. पण वेग फार कमी झाला की क्लच आपोआप सुटतो आणि स्कूटर सायकलसारखी मोकळी धावते. सगळा भार ब्रेकवर येतो. पसरणी घाट किंवा आंबोलीसारख्या लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला तर शू इतके तापतात की घर्षणच कमी होतं. डिस्कमध्ये ओलावा धरलेलं जुनं ऑइल उकळून त्यात बुडबुडे होतात आणि लिव्हर स्पंजासारखा लागतो.

त्यावर उपाय असे:

- वळण यायच्या आधीच वेग कमी करा. दोन्ही ब्रेक काही क्षण नीट दाबा आणि सोडा. हलका दाब कायम ठेवू नका.
- पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून उतरू नका.
- जळका वास आला किंवा लिव्हर मऊ लागला तर सुरक्षित जागी थांबा आणि ब्रेक आपोआप थंड होऊ द्या. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका.

पाऊस, इलेक्ट्रिक आणि गोव्याची भाड्याची स्कूटर

साचलेल्या पाण्यातून गेल्यावर ड्रममध्ये पाणी शिरतं. बाहेर पडल्यावर मागे वाहन नाही हे बघून, कमी वेगात ब्रेक हलके दोन-तीनदा लावा. शू कोरडे होतात.

इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये वेग कमी करायला मोटरही मदत करते. पण बॅटरी पूर्ण भरलेली असताना ही मदत कमी होऊ शकते. त्यामुळे चार्ज करून उंचावरून निघालात तर साध्या ब्रेकवरच भिस्त असते.

गोव्यात भाड्याने स्कूटर घेताना ओरखड्यांचा व्हिडिओ सगळेच काढतात. तो काढून झाला की दोन्ही लिव्हर दाबून बघा, टायर बघा आणि पार्किंगमध्येच दहा पावलं चालवून दोन्ही ब्रेक वेगवेगळे लावून बघा. पटलं नाही तर दुसरी गाडी मागा.

हीच दहा पावलांची सवय घरच्या स्कूटरलाही लावता येते. सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडायच्या आधी एकदा उजवा ब्रेक, एकदा डावा. नेहमीपेक्षा काही वेगळं लागलं तर त्या दिवशी रिक्षाने जा आणि स्कूटर गॅरेजला टाका.