‘जर–तर’ची किल्ली कोणाकडे?

गजराचे घड्याळ हे घरातले बहुधा सर्वांत साधे स्वयंचलित यंत्र. ‘जर पाच वाजले, तर घंटा वाजव’ एवढी एकच आज्ञा त्याला कळते. ठरावीक तापमान गाठले की आपोआप बंद होणारी इस्त्री, टाकी भरली की पाणी थांबवणारा तरंगता गोळा, ही सारी मंडळी याच कुळातली. प्रत्येकात दोन भाग असतात : एक अट आणि एक कृती. मात्र त्यांची अट आणि कृती कारखान्यातच ठरून येते. इस्त्रीला ‘पाऊस आला तर खिडकी लाव’ असे सांगण्याची सोय नसते.

खिशातल्या फोनचे तसे नाही. त्याला वेळ कळते, जागा कळते, बॅटरी किती उरली ते कळते, कोणाचा फोन आला तेही कळते. शिवाय तो आवाज कमी-जास्त करू शकतो, संदेश पाठवू शकतो, एखादे ॲप उघडू शकतो. समजा, फोनला २० अटी ओळखता येतात आणि ३० कृती करता येतात. मग एक अट व एक कृती अशा जोड्या किती होतील? ६००. दोन अटी एकत्र घेतल्या तर? २० मधून २ निवडण्याचे मार्ग १९०. त्यांना ३० ने गुणले की ५७००. इतके नियम कोणताही कारखाना आधी तयार करून ठेवणार नाही. ते ज्याचे त्याने जुळवायचे. ही जुळणी करू देणाऱ्या ॲप्सना आपण ‘स्वयंचलनाची ॲप्स’ म्हणू.

ही कल्पना अँड्रॉइडइतकीच जुनी आहे. गूगलने २००८ साली अँड्रॉइडसाठी ॲप्स लिहिण्याची स्पर्धा घेतली. तिच्या विजेत्यांत एमआयटीतल्या विद्यार्थ्यांचे ‘लोकेल’ हे ॲप होते. आपण कोठे आहोत हे पाहून ते फोनची मांडणी बदलत असे. त्यानंतर थोड्याच काळात आलेले ‘टास्कर’ हे ॲप आजही वापरात आहे. २०१८ पासून पोर्तुगालचे जुआंव दियस ते सांभाळतात. ही ॲप्स म्हणजे मोठ्या कंपन्यांची कामे नव्हेत. बहुतेक वेळा त्यांच्यामागे एक-दोन माणसेच असतात.

आता एक उदाहरण घेऊ आणि ते लेखभर सोबत ठेवू. एक वयस्क बाई गावी एकट्या राहतात. मुलाने त्यांच्या फोनवर नियम लावून दिला आहे : ‘जर माझा फोन दहा मिनिटांत तीन वेळा आला आणि उचलला गेला नाही, तर घंटेचा आवाज पूर्ण वाढव.’ साधा आणि उपयोगी नियम. पण तो चालायचा तर ॲपला आलेल्या फोनांची नोंद वाचता आली पाहिजे. येथूनच खरा प्रश्न सुरू होतो.

कामापुरता अधिकार

आधुनिक फोनमध्ये प्रत्येक ॲप चाळीतल्या बिऱ्हाडासारखे आपापल्या खोलीत राहते. शेजारच्या खोलीत काय आहे ते त्याला दिसत नाही. संदेश, कॅमेरा, संपर्कांची यादी, फोनांची नोंद अशा गोष्टींपर्यंत जायचे तर दार उघडून मागावे लागते. या दारालाच ‘परवानगी’ म्हणतात. अँड्रॉइडवर पूर्वी ॲप बसवतानाच सगळ्या परवानग्या एकदम घेतल्या जात. २०१५ साली आलेल्या अँड्रॉइड ६ पासून संवेदनशील परवानग्या गरज पडेल तेव्हा विचारल्या जाऊ लागल्या.

यामागचे तत्त्व जुने आहे. जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ साली ते स्पष्ट शब्दांत मांडले : प्रत्येक आज्ञावलीला तिच्या कामाला लागेल तेवढाच अधिकार द्यावा, त्याहून जास्त नाही. विजेरीच्या ॲपला आपले संदेश वाचायचे काय कारण? काहीच नाही, तेव्हा ते दार बंद.

पण हा निकष स्वयंचलनाच्या ॲपला लावून पाहा. त्याचे काम काय? लिहिणाऱ्याला ते माहीतच नाही! वापरणारा पुढे कोणता नियम जुळवील त्यावर ते अवलंबून आहे. म्हणजे ‘कामापुरता अधिकार’ या तत्त्वातला ‘काम’ हा शब्दच येथे मोकळा सुटतो. असे ॲप एकतर बरीच दारे मागते, नाहीतर अपुरे पडते. दुकानाचा नियम बदलला की सर्वांत आधी धक्का याच ॲप्सना बसतो, त्याचे मूळ कारण हे आहे.

दोन धक्के

पहिला मोठा धक्का नोव्हेंबर २०१७ मधला. अँड्रॉइडमध्ये ‘सुलभता सेवा’ नावाची सोय आहे. दृष्टिहीन माणसाला पडद्यावरचे वाचून दाखवणे, हात चालत नसलेल्याच्या वतीने बटण दाबणे, यासाठी ती केलेली आहे. म्हणजेच ही परवानगी मिळालेल्या ॲपला पडदा दिसतो आणि बटणेही दाबता येतात. स्वयंचलनाच्या ॲप्सनी आणि सांकेतिक शब्द भरून देणाऱ्या ॲप्सनी तिचा उपयोग करून घेतला होता. बँकेची माहिती चोरणाऱ्यांनीही तो केला होता. गूगलने विकासकांना कळवले की, या सेवेचा अपंग व्यक्तींना कसा उपयोग होतो ते स्पष्ट करा. नाहीतर ३० दिवसांत तिचा वापर थांबवा, अन्यथा ॲप प्ले स्टोअरमधून काढले जाईल. बरीच ओरड झाल्यावर डिसेंबरमध्ये ही कारवाई तात्पुरती थांबवण्यात आली आणि विकासकांची मते मागवण्यात आली.

दुसरा धक्का ८ ऑक्टोबर २०१८ चा. एसएमएस आणि फोनांची नोंद या परवानग्या यापुढे, वापरणाऱ्याने संदेशांसाठी किंवा फोनसाठी मुख्य म्हणून निवडलेल्या ॲपलाच मिळतील, असे गूगलने जाहीर केले. मुदत ९ जानेवारी २०१९ पर्यंत. रीतसर अर्ज करणाऱ्यांना ९ मार्चपर्यंत. आपल्या उदाहरणातला मुलाचा नियम यात सरळ सापडतो. टास्करच्या विकासकाने ही अडचण जाहीरपणे मांडली, वापरणाऱ्यांनीही गूगलला कळवले आणि काही आठवड्यांतच अपवादांच्या यादीत ‘वापरणाऱ्याने ठरवलेल्या अटींवर चालणारे स्वयंचलन’ या प्रकाराची भर पडली.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. नियम चुकला तेव्हा तो दुरुस्त होऊ शकला, ही पहिली. दुसरी अशी की, तो दुरुस्त झाला कारण बोलणारे पुष्कळ होते. ज्या ॲपचे वापरणारे मोजके, त्याच्या एकट्या विकासकाचा आवाज तितक्या दूर पोहोचत नाही. शिवाय अपवाद म्हणजे हक्क नव्हे. अर्ज भरायचा, कारण द्यायचे, मंजुरीची वाट पाहायची आणि पुढचा बदल कधी येईल याकडे डोळे लावून बसायचे. ११ मे २०२२ पासून सुलभता सेवेच्या आधारे फोनवरचे संभाषण ध्वनिमुद्रित करण्यास प्ले स्टोअरने मनाई केली, तेव्हा भारतात घरोघरी ठाऊक असलेल्या ट्रूकॉलरलाही ती सोय काढून टाकावी लागली.

तपासून का घेत नाहीत?

विद्यार्थी येथे हमखास विचारतील : सरसकट बंदी कशाला? प्रत्येक ॲप तपासावे, वाईट असेल ते काढावे!

याचे उत्तर गणितात आहे. दिलेली आज्ञावली कधीतरी थांबेल की चालतच राहील, हे प्रत्येक वेळी अचूक सांगणारी एकच सर्वसाधारण पद्धत असू शकत नाही, हे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ साली सिद्ध केले. एच. जी. राइस यांनी १९५३ साली हा विचार पुढे नेला. आज्ञावली काय वागेल याविषयीच्या कोणत्याही खऱ्याखुऱ्या प्रश्नाला अशी सर्वसाधारण पद्धत नाही, असे त्यांनी दाखवले. व्यवहारात पुष्कळ वाईट आज्ञावल्या पकडता येतात, पण सर्वच्या सर्व पकडल्याची खात्री देणारी चाळणी बनवता येत नाही.

स्वयंचलनात तर याच्याही पुढची अडचण आहे. हा नियम पाहा : ‘जर बँकेचा ओटीपी आला, तर तो अमुक क्रमांकावर पाठव.’ आजोबांचे बँकेचे काम नात पाहत असेल, तर ही सोय झाली. अमुक क्रमांक भामट्याचा असेल, तर ही चोरी झाली. दोन्हींतली आज्ञावली अक्षरशः एकच! फरक हेतूचा आहे, आणि हेतू आज्ञावलीत लिहिलेला नसतो. म्हणून दुकान हेतू तपासत नाही. ते ॲपचा प्रकार पाहते आणि प्रकारानुसार दारे उघडते किंवा लावते.

ही भीती कल्पनेतली नाही, हे आपल्याकडच्या वाचकांना सांगायला नकोच. वाहनाच्या दंडाचे चलन किंवा लग्नाची पत्रिका असे भासवून व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या एपीके फाइली अनेकांना भोवल्या आहेत. फाइल उघडून ॲप बसवले, परवानगी दिली, की ओटीपी परस्पर दुसरीकडे जातात आणि खाते रिकामे होते. म्हणजे गावातल्या त्या बाईंना उपयोगी पडणारे दार आणि त्यांचे पैसे नेणारे दार ही एकमेकांना लागूनच आहेत.

न सांगता बंद पडणारे नियम

दारे बंद होण्याची आणखी एक रीत आहे. ती कमी बोलली जाते. प्रत्येक ॲप अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीचे नियम पाळून लिहिले आहे ते जाहीर करते. जुनी आवृत्ती जाहीर केली, की काही बाबतींत जुने नियम लागू राहतात. ही पळवाट बंद करण्यासाठी प्ले स्टोअरने २०१८ पासून, ठरावीक मुदतीनंतर नवी पातळी जाहीर करणे सक्तीचे केले. २०१९ च्या अँड्रॉइड १० च्या पातळीवर लिहिलेल्या ॲपला स्वतःहून वाय-फाय चालू किंवा बंद करता येत नाही. ‘घराबाहेर पडलो तर वाय-फाय बंद कर’ हा स्वयंचलनातला अगदी पहिला धडा. तोच असा गेला. टास्करने त्यावर उपाय म्हणून जुन्या पातळीचे एक छोटे मदतनीस ॲप दुकानाबाहेर उपलब्ध केले. मात्र २०२२ च्या अँड्रॉइड १३ मध्ये, दुकानाबाहेरून बसवलेल्या ॲपला सुलभता सेवा देण्याआधी एक जादा पायरी आली. पुढच्याच वर्षी अँड्रॉइड १४ ने अतिजुन्या पातळीची ॲप्स बसवणेच रोखले.

यात वापरणाऱ्याचे नुकसान कसे होते ते पाहा. गजराचे घड्याळ बंद पडले तर सकाळीच कळते. फोनमधला नियम मात्र मुकाट्याने बंद पडतो. ॲप नवे होते, एक परवानगी गळते, बाकी सारे जसेच्या तसे दिसते. त्या बाईंच्या फोनचा आवाज वाढला नाही हे मुलाला कधी कळेल? ज्या दिवशी त्याची खरी गरज असेल त्या दिवशी. म्हणून ज्याच्यावर आपण विसंबतो असा प्रत्येक नियम, फोनची किंवा ॲपची आवृत्ती बदलली की एकदा मुद्दाम चालवून पाहावा. प्रयोगशाळेत उपकरण वापरण्यापूर्वी त्याचा शून्यांक तपासतो, तसेच हे.

दुसरे टोक

ॲपलने वेगळी वाट धरली. आयफोनवर बाहेरच्या ॲपला आपले सारे एसएमएस वाचण्याची मुभा अँड्रॉइडसारखी कधी नव्हतीच. डिसेंबर २०१४ मध्ये ‘वर्कफ्लो’ नावाचे स्वयंचलनाचे ॲप आले. मार्च २०१७ मध्ये ॲपलने ते विकत घेतले आणि २०१८ साली त्यातूनच ‘शॉर्टकट्स’ तयार झाले. आता स्वयंचलन थेट फोन बनवणाऱ्याकडूनच मिळते. ते सुरक्षित आहे, दुकानाच्या नियमाने नाहीसे होण्याची भीतीही कमी. पण जे दार ॲपलने किंवा त्या त्या ॲपच्या विकासकाने ठेवले, तेवढेच उघडते. इस्त्रीपेक्षा ते कितीतरी पुढचे आहे, तरी अटी आणि कृतींची यादी शेवटी दुसऱ्यानेच केलेली.

अँड्रॉइडवर आजवर दुकानाबाहेरून ॲप आणण्याची वाट होती. तीही अरुंद होऊ लागली आहे. ॲप कोठूनही घेतले तरी त्याच्या विकासकाची ओळख पटलेली असावी, ही अट सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड या चार देशांत व २०२७ पासून इतरत्र लागू करण्याचा बेत गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केला. आक्षेप आल्यावर, धोका समजून-उमजून पत्करणाऱ्या जाणकारांसाठी निराळी वाट ठेवू, असे नोव्हेंबरमध्ये सांगितले गेले. ओरड झाल्यावर थोडी वाट मोकळी करायची, हा क्रम आता आपल्या ओळखीचा झाला आहे.

वर्गासाठी

हा प्रश्न फोनशिवायही वर्गात आणता येईल. विद्यार्थ्यांचे गट करा. शाळेच्या प्रयोगशाळेची किल्ली कोणाला द्यावी, याचा नियम प्रत्येक गटाने तीन वाक्यांत लिहावा. मग एकेक प्रसंग समोर ठेवा : सुट्टीत प्रकल्प करणारी हुशार मुलगी, नवे शिक्षक, दुरुस्तीला आलेला वायरमन, आम्ल पळवू पाहणारा खोडकर. कोणाला अडवायला नको होते आणि तो अडला? कोणाला अडवायला हवे होते आणि तो सुटला? दोन्हीही शून्य करणारा नियम कोणाला सापडतो का ते पाहा.

तो सापडला नाही, तर पुढचे प्रश्न विचारा. किल्ली नाकारली तर कारण सांगायचे की नाही? दाद कोणाकडे मागायची? नियम बदलण्याआधी किती दिवस कळवायचे? आणि नियम करताना, किल्ली लागणाऱ्यांपैकी कोणाला तरी विचारायचे की नाही? पहिल्या प्रश्नाला गणिताने मर्यादा घातली आहे. या चार प्रश्नांना तशी कोणतीही मर्यादा नाही. त्यांची उत्तरे माणसांनी ठरवायची आहेत.